चुकीच्या जागचा श्वास

स्वतःचा जीव जपणे हे पाप नव्हे. दुसऱ्याच्या जिवासाठी धावून जाणे हे पुण्य खरे, परंतु तेवढ्याने मनुष्य निर्दोष ठरत नाही. कारण धावून जाणाऱ्याच्याच पावलांनी मरण त्या घरात शिरू शकते, असे ते वर्ष होते. सहा महिने आमच्या वतीने सरकारने ठरवले होते, घरात राहा, आणि आम्ही राहिलो होतो. सप्टेंबर उजाडला. जिल्ह्याबाहेर जायला पास लागेनासा झाला, एसटी पुन्हा धावू लागली, आणि इतके दिवस दुसऱ्याच्या खांद्यावर असलेला तो निर्णय अलगद आमच्या ओंजळीत येऊन पडला. बंदीत मनुष्याला एक सुख असते, त्याला ठरवावे लागत नाही. ते सुख ज्या आठवड्यात संपले, त्या आठवड्यातली ही हकिकत आहे.

पितृपंधरवड्यातला बुधवार होता. सकाळी नऊच्या सुमारास आमच्या कराडच्या घरासमोर एक मोटार थांबली. चाळिशी ओलांडलेली एक बाई उतरली आणि फाटकाला हात न लावता बाहेरच उभी राहून म्हणाली, "मी हेमांगी थोरात. बापूंनी पाठवलंय, परीक्षेसाठी."

बापू म्हणजे माझा मित्र नरहरी बिवलकर. चिपळूणच्या अलीकडे, वाशिष्ठीच्या काठच्या एका वाडीत तो राहतो. आम्ही दोघे एका पाठशाळेत, एका गुरूंपुढे, एकाच चटईवर बसून शिकलो. पुढे मी कराडला शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो. तो कोकणातल्या घरी परतला आणि येईल त्याला वेदमंत्रांची संथा देत राहिला. संथा द्यायची म्हणजे गुरूने एकदा म्हणायचे आणि शिष्याने ऐकून दोनदा म्हणायचे. समोर पोथी नाही, कागद नाही. आम्हा दोघांत पन्नास वर्षांचा एक संकेत होता. आपण शिकवलेले आपण तपासायचे नाही. शिकवणाऱ्याचा कान शिष्याच्या चुकांना सरावलेला असतो. म्हणून त्याचे शिष्य सगळे पाठ झाल्यावर माझ्याकडे येत आणि माझे त्याच्याकडे जात.

मी अंगणात बकुळीखाली चुन्याने एक वर्तुळ आखून ठेवले होते. येणाऱ्याने त्यात उभे राहावे, आणि मी पायरीवर. मी एकाहत्तर वर्षांचा, मधुमेही, हृदयात दोन स्टेंट बसवलेले. पत्नीला, मंदाकिनीला, दम्याचा जुना विकार. पुण्याच्या मुलीने फोनवरून घालून दिलेले नियम आम्ही संध्यावंदनाच्या निष्ठेने पाळत होतो. वर्तमानपत्रसुद्धा दुसऱ्या दिवशी वाचायचे, त्यामुळे आमच्या घरात सगळ्या बातम्या एक दिवस शिळ्या असत.

हेमांगीताई वर्तुळात उभ्या राहिल्या. गावातल्याच बसस्थानकाजवळ त्यांचे औषधांचे दुकान होते. टाळेबंदीत ते दुपारीच बंद करावे लागे, मग रिकाम्या वेळात काही शिकावे असे मनात आले, कोणीतरी बापूंचा नंबर दिला, आणि एप्रिलपासून रोज पाच वाजता फोनवर संथा सुरू झाली, असे त्यांनी सांगितले. नरहरीचा फोन जुना, बटणांचा. त्यात चेहरा दिसण्याची सोय नाही.

"बापूंना मी अजून पाहिलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "फक्त आवाज माहितीय."

त्या शिकत होत्या ते स्तवन अकरा अनुवाकांचे, म्हणजे अकरा भागांचे. त्यांनी मास्क उतरवला, डोळे मिटले आणि पहिल्या अनुवाकाला सुरुवात केली. पहिले चार भाग मी नुसता ऐकत राहिलो. उच्चार स्वच्छ, स्वर चोख; नरहरीच्या गळ्यातली ती किंचित कोकणी लकबसुद्धा जशीच्या तशी उतरली होती. मंदाकिनी दारात येऊन उभी राहिली, हातातली शेंगांची परात तशीच धरून.

पाचव्यात त्या एका शब्दाच्या मध्येच थांबल्या. 'देवालय' म्हणताना कोणी 'देवा' म्हणून श्वास घ्यावा आणि मग 'लय' म्हणावे, तसे. मी बोट वर केले.

"इथे का थांबलात?"

"इथं थांबायचंच आहे, गुरुजी."

"असे कोणी सांगितले?"

"बापूंनी. म्हणजे तोंडानं नाही सांगितलं, पण ते थांबतात. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, कानावर पडेल तसं म्हणायचं, आपलं डोकं मध्ये घालायचं नाही."

मला वाटले, बाईंचा दम पुरत नाही आणि त्या गुरूच्या पदराआड लपत आहेत. मी म्हणालो, हीच ओळ एका दमात म्हणून दाखवा. त्यांनी ती दाखवलीच, शिवाय पुढची अर्धी ओळ तिला जोडूनही म्हटली. दम त्यांच्याकडे भरपूर होता.

मी त्यांना पुढे जायला सांगितले आणि बोटांवर मोजू लागलो. सहाव्यात तीनदा. सातव्यात सातदा. आठव्यात बारा वेळा, तेही अशा ठिकाणी की जिथे थांबल्यास आमच्या गुरूंनी पळी फेकून मारली असती. नवव्यात एकोणीस. आणि नवव्यात आणखी एक गोष्ट होती. प्रत्येक ओळीच्या आधी त्या एक बारीकसा 'हूं' असा आवाज काढत, श्वास आत ओढल्यासारखा. तो मंत्रात कुठेही नाही. त्यांनी तोही ऐकला होता, म्हणून दोनदा घोकून पाठ केला होता.

"पाचवा केव्हा शिकलात?"

"जुलैच्या सुरुवातीला."

"आणि नववा?"

"पोळ्यानंतरच्या आठवड्यात. ऑगस्टअखेर."

मी पायरीवर बसलो. नरहरीच्या छातीत गेल्या दोन महिन्यांत काय घडत गेले, ते ती बाई माझ्या अंगणात उभी राहून भक्तिभावाने म्हणून दाखवत होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"दहावा आणि अकरावा राहिलाय," त्या संकोचाने म्हणाल्या. "पण बापू म्हणाले, आधी सोमणांना, म्हणजे तुम्हाला, ऐकवून या, मग बघू."

ह्या वाक्यापाशी मी तेव्हा थांबायला हवे होते. थांबलो नाही.

मी आतून फोन आणला आणि त्यांच्यादेखतच नरहरीला लावला. पुष्कळ वेळाने त्याने उचलला.

"बोल, यज्ञू."

"कसा आहेस?"

"उत्तम. बाई कशी म्हणते?"

"छान म्हणते. नरहरी, नववा मला एकदा म्हणून दाखव. एका जागेविषयी शंका आहे."

तो म्हणाला, "आता नको. आक्का जेवायला खोळंबली आहे." आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याच्याच घरी राहणारी.

"सव्वादहा वाजलेत."

"मग पूजा राहिली आहे," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

पन्नास वर्षांत मी पाठाची शंका विचारली आणि नरहरीने ती टाळली, असे घडले नव्हते. अपरात्री उठवले असते तरी त्याने आधी म्हणून दाखवले असते आणि मग शिवी दिली असती.

त्याच्या शेजाऱ्याचा, सोनू भुवडचा, नंबर माझ्याकडे होता. त्याला सांगितले, जरा डोकावून ये. त्याने कुंपणापाशी जाऊन हाक मारली, आणि परत फोन करून कळवले, "भटजी ओटीवर बसलेत. ठणठणीत आहे म्हणाले." ठणठणीत आहे, एवढे म्हणायला एकच श्वास पुरतो.

हेमांगीताईंना मी खरे ते सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. दोन महिने आपल्याच कानात माणसाची धाप भरत होती आणि आपण तिला विद्या समजून जपत राहिलो, ह्याचे त्यांना फार वाईट वाटले. मी म्हणालो, तुम्ही डोके मध्ये घातले असते तर हे मला कळलेच नसते. शिष्येचे काम तुम्ही चोख केले आहे.

मग त्या म्हणाल्या, "जायचं असेल तर मी नेते. माझी गाडी आहे. पण गुरुजी, मी रोज शंभर माणसांशी बोलते, त्यातली निम्मी खोकत येतात. माझ्या शेजारी बसणं हेही तुम्ही मोजून घ्या." सकाळपर्यंत कळवा, असे सांगून त्या गेल्या.

मोजण्याचे ते काम मी आणि मंदाकिनीने दुपारभर केले. ती शेंगा सोलत होती, मी समोर बसून होतो. नरहरीला तोच आजार असेल तर मी तो घेऊन घरी येणार, आणि तो आधी तिला गाठणार. नरहरीला तो नसेल आणि हेमांगीताईंच्या गाडीतून मीच तो घेऊन गेलो, तर ब्याऐंशी वर्षांच्या आक्काच्या घरात यमाला वाट दाखवणारा मी ठरणार. फोनवरून गावच्या पंचायतीला कळवणे सोपे होते. परंतु दवाखान्याची गाडी येणार, नरहरी दारातून 'ठणठणीत' म्हणणार आणि गाडी परत जाणार, आणि पुढच्या वेळी तो मला 'बोल, यज्ञू' सुद्धा म्हणणार नाही.

"नियम उठला म्हणजे रोग उठला असं नव्हे," मंदाकिनी म्हणाली. "सहा महिने आपण बकुळीची फुलंसुद्धा धुऊन देवाला वाहिली."

"म्हणूनच विचारतो आहे. तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही."

"म्हणजे पाप माझ्या पदरात. छान." तिने परात बाजूला सारली. "नवव्यात किती वेळा थांबली ती?"

"एकोणीस."

"आणि नववा शिकवून किती दिवस झाले?"

मी मनाशी मोजले. "पंधरा."

ती उठून आत गेली. थोड्या वेळाने भाजणीचा डबा उघडल्याचा आवाज आला, आणि आतूनच तिने विचारले, "थालीपिठं दोघांची करू की त्यांच्या घरच्यांचीही?"

गुरुवारी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. मी मागच्या बाजूला, चारही काचा उघड्या. पाटण मागे पडले तसा पाऊस लागला आणि कुंभार्ली घाटात तो आडवा होऊन गाडीत शिरू लागला. माझा डावा खांदा पार भिजला, पण काच वर करावी असे दोघांपैकी एकानेही सुचवले नाही. घाटाच्या तोंडाशी तपासणीचे ठाणे होते. एप्रिलमध्ये तिथे गाड्यांची रांग लागत असे म्हणतात. आता तिथला लाकडी अडसर कडेच्या चरात पडला होता, आणि एक पोलीस छपरीत बसून चहा पीत होता. त्याने आमच्याकडे पाहिलेही नाही.

आज खरे सांगायला हरकत नाही. तो मला अडवील, अशी पुसट आशा माझ्या मनात होती. परत जा म्हणाला असता तर मी परत गेलो असतो, आणि मित्रासाठी निघालो होतो हे समाधानही पदरी पडले असते. अडसर गेला आणि ती पळवाटही त्याच्याबरोबर गेली.

नरहरीच्या घराशी पोहोचलो तेव्हा आक्का अंगणात फुले काढत होती. तिला ऐकू अजिबात येत नाही. आमची झाकलेली तोंडे पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "डॉक्टर आहात की दरोडेखोर? दरोडेखोर असाल तर हंडे परसात आहेत." मी क्षणभर मुखपट्टी खाली केली, तशी तिच्या चेहऱ्यावर हसू पसरले. "यज्ञू! अरे, नरहरी अलीकडे फार शहाणा झालाय. पहाटे उठून बसलेला असतो." तो रात्रभर आडवा होऊ शकत नव्हता, ते तिला कळत नव्हते. त्याची धाप तिच्या कानांपर्यंत पोहोचत नव्हती.

तो ओटीवर, गाद्यांच्या चवडीवर हात टेकून, पुढे वाकून बसला होता. पावले सुजून त्यांना घोटे उरले नव्हते. मी सहा फुटांवर उभा राहिलो.

"तू कशा...ला आलास," तो म्हणाला, आणि मला अंगणातला नववा अनुवाक पुन्हा ऐकू आला. त्याच तऱ्हेने तुटलेला शब्द, त्याच्या आधी तोच बारीक आवाज. माझ्या मागे उभ्या असलेल्या हेमांगीताईंनी तोंडावर हात नेला. त्यांनी गुरूला पाहिले ते असे.

त्यांनी पर्समधून बोटाला लावून प्राणवायू मोजायचे यंत्र काढले, उंबऱ्यावर ठेवले आणि मागे सरल्या. नरहरीने ते मुकाट्याने लावले. त्यावर चौऱ्याऐंशी आकडा आला. मला त्यातले फार कळत नव्हते, पण हेमांगीताई शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, आता बोलत बसायचं नाही. गाडीत घ्यायचं."

नरहरीने मान हलवली. त्याचे म्हणणे तुटक तुटक बाहेर आले, ते मी इथे जोडून सांगतो. तो घाबरला होता तो स्वतःसाठी नव्हे. त्याला नेले की घराच्या दाराला पट्टी लागणार, कोणी चौदा दिवस आत येणार नाही. आणि आक्काला काही ऐकू येत नाही, तिला समजावणार कोण? भाऊ न सांगता निघून गेला, असे समजून ती दारात बसून राहील. त्यापेक्षा इथेच काय व्हायचे ते होऊ दे, असे त्याने जुलैतच ठरवून टाकले होते.

कुंपणापलीकडे सोनू भुवडची बायको शेवंती उभी होती. ती केव्हा आली आणि तिने किती ऐकले, कोण जाणे. ती कुंपणातल्या फटीतून सरळ आत आली, आक्काच्या हातातली फुलांची परडी घेऊन तिने तुळशीपाशी ठेवली, आणि आक्काचा हात आपल्या हातात धरला. "आक्का माझ्याकडं राहतील," ती म्हणाली. "तुमी जावा." तिच्या तोंडावर पदरसुद्धा नव्हता. तिने काही मोजले असेल असे मला दिसले नाही.

आता नरहरीला ओटीवरून गाडीपर्यंत न्यायचे राहिले होते. चार पायऱ्या आणि अंगण. तो उठला आणि पुन्हा बसला. हेमांगीताई पुढे झाल्या. मी त्यांना हाताने थांबवले. त्या म्हणाल्या, मी तुमच्यापेक्षा धडधाकट आहे. मी म्हटले, ते खरेच आहे, पण हा माझा आहे.

सहा महिन्यांत मी पत्नीखेरीज कोणाला शिवलो नव्हतो. मी पुढे गेलो, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उभे केले.

"दूर हो," तो म्हणाला. "सहा... फूट."

"सहा फुटांवरून उचलता येत नाही."

त्याने सगळा भार माझ्यावर टाकला. त्याच्या अंगाला चंदनाचा आणि वाताच्या तेलाचा वास येत होता, आणि त्याची छाती माझ्या बरगड्यांना लागून फुटक्या भात्यासारखी वाजत होती. तोपर्यंत मी जे जे मोजले होते, त्यातला एकही आकडा त्या चार पायऱ्यांवर मला आठवला नाही.

चिपळूणच्या रुग्णालयात त्याला आत घेतले आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवले. बाकावर एक आड एक फुल्या मारलेल्या होत्या. आम्ही दोन टोकांना बसलो. दोन तास गेले. मंदाकिनीला फोन करून, पोहोचलो एवढेच सांगितले. तिनेही जास्त विचारले नाही.

मग एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. नखशिखान्त झाकलेल्या होत्या, डोळे तेवढे दिसत होते. "तुम्ही आजोबांचे कोण?"

"सहाध्यायी," मी म्हणालो. त्यांना तो शब्द कळला नसावा. "मित्र."

"तो आजार नाहीये. झटपट चाचणी निगेटिव्ह आहे, दुसरीचा रिपोर्ट उद्या येईल, पण फोटोवरून मला वाटत नाही. हृदय थकलंय, त्यामुळे फुप्फुसात पाणी साठलंय. ते उतरायला लागलंय. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर मी काही बोलू शकले नसते." जाता जाता त्या वळल्या. "आत शिरताच त्यांनी काय विचारलं माहितीय? आक्काला कळवलं का."

मी मुखपट्टीच्या आत रडलो आणि हसलोही. तिचा तेवढा एक उपकार असे, आत काय चालले आहे ते कोणाला दिसत नसे. हेमांगीताईंनी बाकाच्या त्या टोकाला मंदाकिनीचा डबा उघडला आणि एक थालीपीठ झाकणात ठेवून मधल्या फुलीवर सरकवले. सकाळपासून आम्ही पाण्याखेरीज काही घेतले नव्हते. ती थंड थालीपिठे आम्ही दोघांनी तिथेच बसून खाल्ली. इतक्या समाधानाने जेवल्याचे मला दुसरे आठवत नाही.

दुसरा रिपोर्टही निर्दोष आला. तरीही मी घरी आल्यावर दहा दिवस बाहेरच्या खोलीत राहिलो. मंदाकिनी खिडकीच्या कठड्यावर ताट ठेवी आणि मागे सरे. रोज सकाळी ती खिडकीबाहेर उभी राहून परीक्षकाच्या सुरात म्हणायची, "नववा म्हणा." मी म्हणायचो. ती बोटांवर मोजायची. एकदाही थांबलो नाही असे पाहिले की, "हं, चहा आणते," म्हणून जायची. अकराव्या दिवशी तिने दार उघडले.

नरहरी नऊ दिवसांनी घरी गेला. मला त्याची भेट दिवाळीनंतर झाली. ओटीवर, गाद्यांच्या चवडीशिवाय, पाठ ताठ करून तो बसला होता. आक्का आत लाडू वळत होती. मी त्याला विचारले, एवढा त्रास होत होता तर मला एक शब्द सांगायला काय झाले होते?

"काय सांगणार? ये म्हणालो असतो तर तू आला असतास. तुझ्या छातीत ती दोन नळकांडी, वहिनींना दमा. तुला ये म्हणण्याचा मला काय अधिकार?"

"मग गप्प बसलास."

"गप्प कुठे बसलो?" तो हसला. "यज्ञू, अर्धवट शिकलेली शिष्या मी तुझ्याकडे आजवर कधी पाठवली होती का?"

नऊ अनुवाक. दोन राहिलेले. ज्या वाक्यापाशी मी त्या सकाळी थांबलो नव्हतो, ते आता माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ये म्हणायचं धाडस नव्हतं, आणि न म्हणता मरायचंही नव्हतं," तो म्हणाला. "म्हटलं, बाईला पाठवू. ती जसं ऐकते तसंच म्हणते. तुझा कान शाबूत असेल तर तुला कळेल. कळूनही तू आला नाहीस तर तो तुझा हिशेब, आणि तो बरोबरच असेल. मी तुला दोष दिला नसता."

आक्काने दारात येऊन विचारले, तुम्ही दोघे हसता आहात की भांडता आहात, मला दिसते आहे पण कळत नाही. शेवंती कुंपणापलीकडून हातवारे करून तिला म्हणाली, दोन्ही.

हेमांगीताईंच्या पाठातले बेचाळीस चुकीचे श्वास काढायला नरहरीला महिना लागला. शिकण्याहून विसरणे त्यांना जड गेले. मार्गशीर्षात त्यांची परीक्षा झाली, ती त्याच ओटीवर. नरहरी पाठमोरा बसला, कारण आपण शिकवलेले आपण तपासायचे नाही. अकरा अनुवाक सरळ, वाहत्या पाण्यासारखे गेले. शेवटच्या अक्षरानंतर त्या थांबल्या, आणि मी तिथेच प्रथम त्यांना श्वास घेताना ऐकले.

शिष्य परीक्षेत उतरला की त्याच्या मस्तकावर हात ठेवायचा, अशी आमची रीत आहे. मी क्षणभर घुटमळलो. मग ठेवला.

ह्या गोष्टीला आता पाच वर्षे होत आली. नरहरी औषधे घेतो, कुरकुर करतो आणि रोज पाच वाजता संथा देतो. आक्काने यंदा सत्त्याऐंशी पुरी केली. हेमांगीताई दुकान बंद झाल्यावर तीन बायकांना शिकवतात, आणि कोणी शब्दाच्या मध्ये थांबले तर चूक सांगण्याआधी प्रकृती विचारतात. नरहरीला, आक्काला, त्या गुणी शिष्येला, काही न मोजता कुंपण ओलांडणाऱ्या शेवंतीला, आणि शेंगांची परात बाजूला सारून डबा भरणाऱ्या माझ्या गृहिणीला देव उदंड श्वास देवो, आणि तो त्यांना योग्य जागी, सावकाश घेता येवो.